आगबोट कंपनी, पूल होईपर्यंत

माझी मोठी बहीण संगीता चौथीनंतर शाळेत गेली नाही. ती ढ होती म्हणून नव्हे. पाढे आजही ती माझ्याआधी म्हणून मोकळी होते. पाचवीची शाळा पाण्याच्या पलीकडे राहिली, एवढंच कारण.

चाकण सोडून डोंगराकडे निघालं की धरण लागतं. त्या धरणात आमचं वेळशी गाव गेलं. ज्यांना दुसऱ्या तालुक्यात जमिनी मिळाल्या ते तिकडे गेले. ज्यांची थोडीफार वरकस जमीन डोंगराच्या उतारावर शिल्लक होती, ते आमच्यासारखे लोक वर सरकले आणि तिथंच छपरं घालून राहिले. रस्ता, एसटीचा थांबा, मोठी शाळा, दवाखाना, सगळं समोरच्या काठावर. दिसायचं सगळं. शाळेची घंटा झाली की वारा आमच्या बाजूचा असेल तर ऐकूही यायची. पण जायचं म्हटलं तर मागची खिंड चढायची, डोंगराला वळसा घालायचा आणि अर्धा दिवस चालायचं.

वडील दुधाचे कॅन घेऊन ती वाट चालायचे. उन्हाळ्यात डेअरी येईपर्यंत दूध फाटायचं. फाटलेलं दूध ते तसंच परत आणायचे आणि आई त्यात गूळ घालून आटवायची. सबंध उन्हाळा आम्ही तेच खायचो. आता मी पिंपळे सौदागरला राहते. सोसायटीत कुणाकडून कलाकंद आला की मी हसून घेते आणि डबा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते. लोकांना वाटतं मला शुगर आहे.

तर अशा दिवसांत आमच्याकडे आगबोट आली.

आगबोट हा शब्द आमच्या धरणाला शोभत नाही, हे मला कळतं. कॉलेजात मी तो पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला तेव्हा मुली हसल्या होत्या. पण आमच्याकडे लाँच कुणी म्हणायचं नाही, बोट कुणी म्हणायचं नाही. म्हटलं तर दामूआप्पा उतरवून द्यायचे.

दामूआप्पा म्हणजे कंपनीचे मालक, चालक आणि सगळ्यात जास्त बोलणारे उतारू. बुटके, रुंद, डोक्याला कायम पंचा. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची चकाकती खूण. तरुणपणी ते मुंबई बंदरात वाफेच्या लाँचवर कोळसा मारायला होते. वाफेवर चालणाऱ्या शेवटच्या लाँचींपैकी एक ती. पुढे डिझेल आलं आणि यांचं काम गेलं. डिझेलवर त्यांचा राग होता तो तेव्हापासूनचा. “वाफेला माणूस लागतो,” असं ते म्हणायचे आणि पुढचं वाक्य गिळून टाकायचे, कारण त्यांची स्वतःची आगबोट डिझेलवरच चालायची.

त्याचं असं झालं. धरण भरून बरीच वर्षं झाल्यावर आप्पा मुंबई सोडून आले ते थेट पाण्याच्या काठावर जाऊन बसले. लोकांना वाटलं, घर बुडाल्याचं दुःख करतोय. ते पाण्याची रुंदी बघत होते. आठवड्याभरानं त्यांनी वाड्यावाड्यांतून फिरून सांगितलं, की आपण कंपनी काढायची. ज्यानं त्यानं जमेल ते घातलं. मग आप्पा कोकणात खाडीवर गेले आणि भंगारात निघालेल्या एका जुन्या वाफेच्या लाँचचा सांगाडा घेऊन आले. बॉयलर आधीच कुणीतरी काढून विकला होता. राहिलं होतं ते लाकडी आणि लोखंडी अंग, आणि वरचं धुराडं.

हा सांगाडा ट्रकवर घालून घाट चढवला आणि चाकणच्या चौकात आणला, तो नेमका शिफ्ट सुटायच्या वेळी. चाकणचा चौक ज्यानं बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, टेम्पो, रिक्षा आणि मधोमध एक बोट. बराच वेळ काही हललं नाही. लोक गाडीतून उतरून विचारायला लागले, भाऊ, समुद्र कुठं आलाय? आप्पा बोटीच्या नाकावर उभे राहून हातानं ट्रॅफिक सोडवत होते. तिथंच गर्दीत अब्बासभाई होते. चाकणला त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, वडिलांपासून चालत आलेलं. त्यांनी बोटीला एक चक्कर मारली, आत डोकावले आणि विचारलं, इंजिन कुठाय? आप्पा म्हणाले, तेच तर शोधतोय. अब्बासभाई हसले. त्यांच्याकडे अपघातातल्या एका ट्रकचं इंजिन पडून होतं.

ती भागीदारी पुढे कंपनी असेपर्यंत टिकली. दोघं रोज भांडायचे. अब्बासभाईंचं म्हणणं, धुराडं काढून टाका, उगीच वजन. आप्पांचं म्हणणं, धुराडं नसेल तर ती आगबोट कशी? शेवटी अब्बासभाईंनी ट्रकचा सायलेन्सर वाकवून त्या धुराड्यात सोडला आणि धूर वरून निघायला लागला. आप्पा इतके खूश झाले, की त्यांनी त्या दिवशी अब्बासभाईंना शिवी दिली नाही. त्या धुराड्याचा उपयोग मात्र झाला. थंडीत ते गरम असायचं. पहिल्या शिफ्टला जाणारी पोरं त्याला हात लावून उभी राहायची, बायका डबे टेकवून ठेवायच्या. चाकणला मशीनपाशी बसून आमची पोरं जो गरम डबा खायची, तो धुराड्यानं गरम केलेला असायचा.

पाटी आप्पांनी स्वतः रंगवली. पत्र्यावर निळ्या रंगात: श्री भैरवनाथ आगबोट कंपनी. आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: पूल होईपर्यंत.

अब्बासभाई पाटी बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “आप्पा, दुकानाच्या पाटीवरच दुकान बंद व्हायचा वायदा लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय.”

“मग बघून घ्या,” आप्पा म्हणाले. “आपल्याला काय जन्मभर पाण्यात ऱ्हायचंय का?”

पूल हवा, हे आप्पांचं एकच मागणं होतं. आगबोट पावसाळ्यात वारा सुटला की बंद. बाळंतपणाला निघालेली बाई वारा बघून निघत नाही. म्हणून दर वर्षी ते धुतलेला सदरा घालून पुण्याला जायचे, ह्या साहेबाला, त्या साहेबाला भेटायचे. एका साहेबानं त्यांना विचारलं होतं, की तुम्ही बोटवाले ना, मग पूल झाल्यावर तुम्ही काय करणार? आप्पा म्हणाले, पुलावरनं चालणार.

आता आगबोट चालायची कशी, ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

धक्क्यापासून धक्क्यापर्यंत सरळ रेषेत गेलं तर पाणी फार रुंद नाही. पहिल्या दिवशी आप्पांनी आगबोट सरळच काढली. नारळ फुटला होता, पोरं ओरडत होती. मध्यावर आल्यावर गजराआक्का उभी राहिली. गजराआक्का आमच्या वरच्या वाडीतली, तोंडानं फटकळ, आप्पांच्या बरोबरीची आणि त्यांना एकेरीत बोलावणारी तेवढी एकच. ती डोंगराकडे बघत होती, मग पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, “दामू, आरं माझ्या चुलीवरनं नेतूस का मला?”

मग एकेकाला आपापलं घर आठवायला लागलं. हा पायाखाली वाडा कुणाचा, ही पडवी कुणाची. कुणी चपला काढून हातात घेतल्या. आप्पांनी इंजिन हळू केलं, मागे वळून गजराआक्काला विचारलं, “मग कुठनं नेऊ?”

“माणसं जात्यात तिथनं. आळीतनं.”

त्या दिवसापासून आगबोट आळीतून जायला लागली. म्हणजे पाण्याखाली जे गाव होतं, त्याच्या रस्त्यानं. धक्क्यावरून निघाली की वेशीतून आत, चावडीपाशी डावीकडे वळून खालची आळी, मग कुंभाराच्या घरापाशी पुन्हा वळून नदीची जुनी वाट, आणि मग पलीकडे. कुणाच्याही घरावरून जायची नाही. आप्पांच्या खुणा डोंगरावर होत्या. काटेसावरीचं एकटं झाड आणि मागची खिंड एका रेषेत आली की चावडी, असं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती उघडी पडायची, तेव्हा आप्पा आपल्या खुणा तपासून घ्यायचे. डिझेल जास्त जायचं, वेळ जास्त जायचा. अब्बासभाई कपाळाला हात लावायचे. आप्पांचं ठरलेलं उत्तर असायचं: “घाई आसंल तर पवत जा.”

हे उत्तर ते सगळ्यांना द्यायचे. शिफ्टला उशीर झालेल्याला, मास्तरांना, तलाठ्याला, लग्नाच्या वऱ्हाडाला.

आम्हा पोरांना त्यांनी दुसरीच सवय लावली होती. आगबोटीत चढताना विचारायचे, घर कुठलं? आपण वरची वाडी म्हटलं की मान हलवायचे. “ते न्हाई. खालचं.” मी जन्मले तेव्हा घर पाण्याखाली जाऊन काळ लोटला होता, पण मला पाठ होतं: खालची आळी, पिंपळाच्या पारासमोर, पुढं ओटा. सांगितलं की चढायला मिळायचं. आणि आगबोट तिथून जाताना आप्पा वळून न बघता म्हणायचे, आलं गं तुझं घर. मी त्या ठिकाणी पाण्याकडे बघायचे. पाणीच असायचं. पण आमच्या पिढीला न बघितलेल्या गावातल्या वाटा ठाऊक आहेत, त्या अशा.

पुढे चाकणपासून हिंजवडीपर्यंत माणसं वाढली आणि शनिवार-रविवारची माणसं धरणावर यायला लागली. एकदा पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतली मंडळी वाढदिवस करायला आली. स्पीकर, केक, फुगे. त्यांना सूर्यास्त मधोमध जाऊन बघायचा होता. आप्पांनी त्यांना घेतलं आणि नेहमीप्रमाणे वेशीतून आत नेलं. मंडळींना दिसलं ते एवढंच, की मोकळ्या पाण्यात हा माणूस बोट इकडून तिकडे वळवतोय. एकानं विचारलं, काका, सरळ का नाही घेत? आप्पा म्हणाले, बोळ हाय. तो गृहस्थ चारी बाजूंच्या पाण्याकडे बघत राहिला आणि बायकोच्या कानात काहीतरी बोलला. नंतर मंडळी केक न कापताच उतरली.

दोन-चार दिवसांनी चौकीतून हवालदार आला. तक्रार होती, की चालक दारू पिऊन बोट वाकडीतिकडी चालवतो. आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. माळकरी नव्हते, पण वास सहन होत नाही म्हणायचे. हवालदार बीडकडचा, नवीन बदलून आलेला. त्यानं आप्पांचं तोंड हुंगलं, तर तंबाखू. तरी म्हणाला, चालवून दाखवा. आप्पांनी त्याला एकट्याला बसवून फेरी काढली, आणि जाताना सांगत गेले, की ही वेस, ही चावडी, इथं न्हावी बसायचा, हे पाटलाचं, हे कोंडिबाचं, त्याचा पोरगा आता काळेवाडीला हाय. परत आल्यावर हवालदार उतरला नाही. बसून राहिला. मग त्यानं विचारलं, “आन् लेकुरवाळी घरं किती व्हती म्हणायची यात?” त्याचंही गाव एका धरणात गेलं होतं, तिकडं. त्याच्या बापानं दुसरीकडे जमीन घेतली होती आणि पुन्हा त्या बाजूला कुणी गेलं नव्हतं. पुढे बदली होईपर्यंत सुट्टीच्या दिवशी तो यायचा आणि एक फेरी मारून जायचा. त्याच्याकडून आप्पा तिकीट घ्यायचे. चौकीतल्या माणसाला फुकट नेलं की तो चौकीतलाच राहतो, म्हणायचे.

माझ्या शिक्षणात आप्पांचा हात आहे, असं मी म्हणणार नाही. अभ्यास मी केला. फी वडिलांनी आणि संगीताताईनं भरली. ताई तोवर काळेवाडीला नांदायला गेली होती आणि घरी पॅकिंगचं काम घ्यायची. पण पाचवीपासून पदवीपर्यंत मी रोज त्या आगबोटीनं गेले, हे खरं आहे, आणि एका सकाळी तर आप्पा माझ्याबरोबर कॉलेजपर्यंत आले, तेही सांगते.

शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. पाण्यावर धुकं बसलं होतं. डोंगर दिसत नव्हता, म्हणजे आप्पांच्या खुणा नव्हत्या. मी म्हटलं, आप्पा, आज सरळ घ्या ना, कुणाला दिसतंय? ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता पोहायला सांगणार. त्यांनी दोर सोडला नाही. धुकं विरलं तेव्हाच आगबोट निघाली, आणि आळीतूनच निघाली. पलीकडे उतरल्यावर मात्र त्यांनी आगबोट अब्बासभाईंच्या पुतण्याच्या ताब्यात दिली, माझ्याबरोबर जीपमध्ये बसले आणि चाकणला कॉलेजच्या दारात उभे राहिले. पेपर सुरू झाला होता. पंचा डोक्यावरून काढून खांद्यावर टाकत त्यांनी पर्यवेक्षक सरांना सांगितलं, “साहेब, आमची आगबोट लेट झाली. पोरीची चूक न्हाई.”

सरांनी हे कारण आधी कधी ऐकलं नसावं. त्यांनी एकदा माझ्या चिखलाच्या चपलांकडे बघितलं, एकदा आप्पांकडे, घड्याळ बघितलं आणि मला आत सोडलं. पेपर बरा गेला. आमच्या घरातली, आणि आमच्या काठावरच्या सगळ्या वाड्यांतली, मी पहिली पदवीधर. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

त्यानंतर मला चाकणलाच एका कंपनीत क्वालिटीला नोकरी लागली, आणि त्याच सुमारास पूल मंजूर झाला.

आप्पांनी पेढे वाटले. अब्बासभाईंनी पेढा तोंडात धरून म्हटलं, माझ्या इंजिनाच्या तेराव्याचा पेढा मी कसा खाऊ? पण खाल्ला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, तेव्हा मोजणीवाले आले आणि उघड्या पडलेल्या चिखलात खुंट्या ठोकून गेले. प्रत्येक खुंटीला लाल फडकं. जिथे खुंटी, तिथे पुलाचा खांब. लोक बघायला उतरले आणि सगळं बिघडलं. कारण पूल आळीतून जात नव्हता. पूल सरळ होता. घरांच्या जोत्यांवरून, माजघरांवरून, गोठ्यांवरून एका रेषेत. मोजणीवाल्यांचा दोष नव्हता. त्यांना चिखल दिसला आणि त्यात दगड दिसले.

आम्ही इतकी वर्षं ज्या घरांवरून आगबोट नेली नाही, त्यांच्यावरून आता गाड्या जाणार. म्हातारी माणसं म्हणाली, हा पूल नको, वळवून घ्या. साहेब येऊन सांगून गेले, की वळवायचा तर पुन्हा मोजणी, पुन्हा मंजुरी, आणि मग होईल की नाही सांगता येत नाही. तरुण पोरं म्हणाली, होऊ द्या. घराघरांतून भांडणं लागली. आणि दोन्ही बाजूंना वाटत होतं, की आप्पा आपल्या बाजूनं बोलतील. म्हाताऱ्यांना वाटायचं, आळीचा नियम यानंच पाळला. पोरांना वाटायचं, पाटीवर पूल यानंच लिहिला.

आप्पा काही दिवस नुसती आगबोट नेत-आणत राहिले. घर कुठलं, हेही विचारायचं त्यांनी बंद केलं. चढायचं तर चढा. मी रविवारी गावी गेले होते, तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

त्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना आगबोटीत बोलावलं. म्हातारे, बायका, पोरं, बसतील तेवढी. पाणी उतरलेलं असल्यामुळे मधल्या खोल भागातच आगबोट चालत होती. दोन्ही बाजूंना चिखलात जोती आणि लाल फडकी. चावडीच्या थोडं पुढे आप्पांनी इंजिन बंद केलं. अब्बासभाईही होते; त्यांनी मला हळूच सांगितलं, की मीटिंग इथं ठेवलीय म्हणजे कुणाला रागानं उठून जाता येणार नाही.

बराच वेळ सगळेच बोलले. माझे वडीलही बोलले, पूल नको म्हणाले. दूध फाटायचं त्याचा त्यांना विसर पडला होता, किंवा घर त्याहून जवळचं होतं. आप्पा धुराड्याला टेकून ऐकत होते. सगळ्यांचं संपल्यावर त्यांनी उजव्या हाताला, जरा अंतरावर, एका फडक्याकडे बोट केलं.

“ते कुणाचं घर?”

सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझं हाय. माजघरात खांब येतोय.” आप्पा म्हणाले. “येऊ द्या. इतकी वर्सं रिकामं पडलंय. कुणीतरी ऱ्हायला येतंय म्हनायचं.”

कुणीतरी हसलं. गजराआक्का हसली नाही. तिच्या घरात खुंटी नव्हती, पण पूल तिच्या घरावरून जाणार होता. ती म्हणाली, “आन् माझ्या चुलीवरनं गाड्या जातील, त्याचं काय रं दामू? तूच नव्हं का मला आळीतनं न्हेलंस?”

“न्हेलं. तू सांगितलंस म्हनून न्हेलं.”

“मग?”

“मग आता मी सांगतो. आक्का, तुझ्या चुलीवरनं तुझी नात शाळेला जाईल. आजपातुर त्या चुलीवरनं कुनी शाळंला गेलं का?”

तिची लेकही संगीताताईबरोबरच चौथीनंतर घरी बसलेली. गजराआक्कानं पदर डोक्यावर घेतला, पाण्याकडे बघितलं, मग पलीकडच्या काठावर शाळेचे पत्रे चमकत होते तिकडे. मग म्हणाली, “चपला काढून जाईल का?”

“ते तिलाच इचार,” आप्पा म्हणाले, आणि इंजिन सुरू केलं.

परत येताना त्यांनी आगबोट आळीतूनच आणली. पूल होईपर्यंत आळीतूनच नेली.

पूल व्हायला काही वर्षं गेली. खांब उभे राहताना आगबोटीला वाट काढणं अवघड झालं. आप्पा खांबांना शिव्या घालत वळणं घ्यायचे. आपल्या माजघरातल्या खांबाला मात्र त्यांनी कधी शिवी दिली नाही, असं अब्बासभाई सांगतात. पूल सुरू झाला त्या दिवशी पुढाऱ्यांची फीत, हार, भाषणं सगळं झालं. आप्पांना स्टेजवर बोलावलं होतं, पण ते आगबोटीवर होते. ते म्हणाले, फीत कापेपर्यंत पूल झाला असं होत नाही, तोवर माझी फेरी आहे. फीत कापल्याचे फटाके ऐकल्यावर त्यांनी धक्क्याला दोर बांधला आणि पाटी उतरवली. सांगाडा अब्बासभाईंनी भंगारात घातला, इंजिन परत गॅरेजला नेलं. धुराडं आप्पांनी कुणाला दिलं नाही. ते त्यांनी खांद्यावर घालून वर नेलं आणि गजराआक्काच्या छपराला भोक पाडून तिच्या चुलीवर बसवलं. आक्का म्हणाली, पावसाचं पाणी येईल. आलं. आप्पांनी वर पत्रा वाकवून दिला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुलावर. माझ्या कंपनीला सुट्टी होती आणि मी पिंपळे सौदागरहून गाडीनं गावी चालले होते. पुलाच्या मध्यावर, गाड्या जायच्या जागेत, समोरून एक म्हातारा वहाणा हातात धरून चालत येत होता. सरळ नाही. थोडं या कडेला, मग वळून त्या कडेला, पुन्हा मध्ये. त्याच्या मागे एक कंपनीतला पोरगा मोटरसायकलवर अडकला होता, शिफ्टला निघालेला, हेल्मेट घातलेला. त्यानं हॉर्न वाजवला, मग म्हणाला, “काका, कडेनं चला ना राव. घरी कोण वाट बघत नाही का?”

आप्पा थांबले. कठड्याला धरून त्यांनी खाली त्या खांबाकडे बघितलं.

“बाबा, मी घरातच हाय,” ते म्हणाले, आणि त्याला जायला जागा दिली.

मी गाडी थांबवली नाही. मागून रांग होती. आरशात ते दिसेनासे होईपर्यंत कठड्याशीच उभे होते. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. बातमी अब्बासभाईंनी फोनवर सांगितली, आणि मग बराच वेळ दुसरंच काही बोलत राहिले, चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकबद्दल.

माझ्या सोसायटीत नळाला जे पाणी येतं, ते आता आमच्या धरणातून येतं, असं म्हणतात. मी नळ सोडते, बंद करते. त्याचं मी फार काही वाटून घेत नाही.

गजराआक्काची नात सायकलनं पुलावरून शाळेला जाते. पायात बूट असतात, शाळेचा नियम आहे. आक्का ओट्यावर बसून बघते. पूल झाला, कंपनी बंद झाली, आणि आमच्या काठावरच्या वाड्यांतली एकही मुलगी आता चौथीनंतर घरी बसत नाही.